सातव्या हस्तलिखिताबद्दल

प्रज्योत हुंदरे यांस,
तुमच्या राज्यात दोनदा जाऊन आले,
दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.
चारशे बारा पानं, तीन चंद्र,
पाठीमागे सहाशे शब्दांचा कोश.
खानापूरच्या या वाचनालयात पंखा एकच,
तो माझ्या टेबलावर. म्हणून घाई केली नाही.

आधी नकाशा.
बहुतेकांच्या नद्या कुठूनही निघतात
आणि पान संपलं की संपतात.
तुमची इरेल ओल्या डोंगरात जन्मते,
समुद्र हाकेवर असून
त्याच्याकडे पाठ करून उगवतीला चालू लागते.
कणकुंबीला जाऊन आलाय तुम्ही. लपत नाही.
इथे पूर्ण गुण.

चंद्रांचं गणित चुकलंय.
तीन चंद्र आणि कोळ्यांच्या गावाला भरती एकच?
ते सोडून देऊ.

आता भाषा.
थेमरीला अकरा विभक्त्या, अपवाद एकही नाही.
अशी भाषा मला नव्या तव्यासारखी वाटते,
चकचकीत,
आणि पहिली भाकरी चिकटणारच.
‘झिमो’ पुरुषानं म्हणायचं, ‘झिमे’ बाईनं,
चुकलं तर पंडित चाबूक काढतात. पान चाळीस.
इथे पेन्सिल थांबली.
बेकवाडहून बस चुकली की माझी आई
दारातूनच सांगायची, ‘चालत आलो गं.’
मावशी आलो. गल्लीतली एकूण एक बाई आलो.
आणि मराठी शाळेत एकतीस वर्षं
मुलींच्या वहीतल्या त्या ‘आलो’चा काना
लाल शाईनं मी खोडला.
चाबूक नव्हता, एवढंच.

पान अठ्ठ्याऐंशी, पूल.
अलीकडे थेमरी, पलीकडे सोर्ग,
मधल्या खांबापाशी जीभ बदलते.
असं कुणी सांगितलं तुम्हाला?
निपाणीच्या वखारीत गौरव्वा
तंबाखूचे बोद मोजते मराठीत,
मुकादमाशी भांडते कन्नडात,
खोकते दोन्हींत.
‘ऊट आतेन?’ला ‘जेवलो की’ हे उत्तर
कुठल्या खांबाच्या अलीकडे ठेवायचं?
माझी सासू बसची पाटी वाचत नाही, ओळखते,
पहिल्या अक्षराच्या पोटात गाठ असली की आपली.
एकदा चुकून हल्याळला गेली,
आणि जेवून आली.

तुमच्या कोशात तलवारीला चौदा शब्द,
सीमेला चार,
‘उसनं’ला एकही नाही.
एवढ्या मोठ्या राज्यात कुणी कुणाच्या दारात
वाटीभर साखर मागायला गेलंच नाही?

मग पान तीनशे एक.
धोबीण ओल्या गाठोड्यासकट पुलावर टेकते
आणि पलीकडच्या पहारेकऱ्याला म्हणते,
‘निवसो, थिर्ग.’
कोशात शोधलं. नाही.
डोकं इकडचं, शेपूट तिकडचं,
वर बाई असून ओकार.
समासात तुमच्याच अक्षरात,
‘चूक. छापताना दुरुस्त करणे.’

हात जोडून सांगते, करू नका.
चारशे बारा पानांत
तेवढं एकच माणूस तुम्हाला न विचारता बोललंय.
ती काय म्हणाली, तुम्हालाही ठाऊक नसेल.
मला वाटतं, ‘आलो, थांब.’
किंवा नुसतंच ‘दमलो बाबा.’

शिफारस, दुसरा क्रमांक.
पहिला दिला असता, पण कोश फार शहाणा आहे.
त्यातले तलवारीचे दहा शब्द गौरव्वाला द्या,
भांडणात कामाला येतील.

कल्लाप्पा किल्ल्या वाजवायलाय,
‘बाई, अजून त्याच राज्यात काय?’
बाकीचं भेटीत.
मी निघतो.

— इंदुमती सांबरेकर